कर्बल स्पेस प्रोग्राम: सेव्ह कुठे होतं आणि कधी करावं

कर्बल स्पेस प्रोग्राम या रॉकेट बनवून उडवायच्या संगणकावरच्या गेममध्ये एफ-५ दाबलं की क्विकसेव्ह होतं आणि एफ-९ थोडा वेळ दाबून धरलं की त्या क्षणाला परत जाता येतं. एवढं सगळ्यांना पहिल्याच दिवशी कळतं. तरी माझा भाचा रविवारी सकाळी फोन करून म्हणतो, ‘मामा, सेव्ह केलं होतं, तरी यान आपटतंय.’ सेव्ह झालेलं असतं, त्यात गेमचा काही दोष नाही. फक्त साहेबांनी ते केलेलं असतं मुनच्या, म्हणजे गेममधल्या चंद्राच्या, जमिनीपासून तीन किलोमीटरवर, वेग भरपूर आणि टाकी जवळपास कोरडी असताना. एफ-९ धरलं की गेम त्याला इमानेइतबारे तिथेच नेऊन सोडतो: तीच उंची, तोच वेग, तीच कोरडी टाकी. मग पुन्हा धडाम.

तर मुद्दा असा, की हा गेम तुम्ही कुठवर पोचलात ते लिहून ठेवत नाही. कुठली वस्तू कुठे आहे, कुठल्या वाटेने चाललीय आणि तिच्यात काय शिल्लक आहे, ते लिहून ठेवतो. बाकीच्या गेममध्ये टप्पा संपतो, मोठा शत्रू मरतो, मग सेव्ह होतं. इथे असा मुक्कामच नाही. कर्बिनभोवती, म्हणजे गेममधल्या पृथ्वीभोवती, ८० किलोमीटर उंचीवर निवांत दिसणारं यान सेकंदाला सुमारे २,२८० मीटर वेगाने पळत असतं. म्हणून सेव्ह कसं करायचं यापेक्षा ते कुठल्या अवस्थेत करायचं, हाच खरा प्रश्न आहे.

मी भोसरीला सीएनसी मशिनवर सेटर आहे. आमच्याकडे मध्येच लाइट गेली तर ती परत आल्यावर अर्ध्या कापात कोणी मशिन सुरू करत नाही. टूल जॉबपासून मोकळं असेल अशा ओळीवर प्रोग्राम मागे नेतात आणि तिथून पुढे चालू करतात. सेव्ह करायची जागा मी त्याच हिशेबाने निवडतो. पुढचं सगळं पहिल्या गेमबद्दल आहे, म्हणजे मेक्सिकोच्या स्क्वाड कंपनीने २०११ मध्ये लोकांपुढे आणलेल्या आणि २०१५ मध्ये १.० आवृत्ती आलेल्या गेमबद्दल. मी १.१२ वर खेळतो. दुसऱ्या भागाशी या लेखाचा संबंध नाही.

आधी हे सगळं जातं कुठे ते बघून घ्या, म्हणजे पुढचं पटापट कळेल. स्टीमच्या लायब्ररीत गेमच्या नावावर राइट क्लिक करून लोकल फाइल्स उघडा. आत ‘सेव्हज’ नावाचा फोल्डर आहे आणि त्यात तुमच्या प्रत्येक खेळाचा वेगळा फोल्डर. त्या फोल्डरमध्ये ‘पर्सिस्टंट.एसएफएस’ नावाची फाइल असते, ती तुमची चालू वही. उड्डाण सोडून स्पेस सेंटरला आलात, मुख्य मेनूत गेलात, की गेम आपणहून तिच्यात लिहितो. मध्ये मध्ये ऑटोसेव्हही होतं. एफ-५ मात्र दुसऱ्याच फाइलमध्ये जातं, तिचं नाव ‘क्विकसेव्ह.एसएफएस’. ही फाइल एकच असते. नवीन एफ-५ दाबलंत की जुनं पुसलं जातं, विचारणा वगैरे काही होत नाही. घाबरून एफ-९ ऐवजी एफ-५ दाबणारे पुष्कळ आहेत. त्यांचं फुटणारं यान फुटतानाच जतन होतं.

यावर उपाय गेममध्येच आहे, पण तो फार थोडे लोक वापरतात. विंडोजवर ऑल्ट धरून एफ-५ दाबलंत की नाव विचारणारी चौकट येते. त्या नावाची वेगळी फाइल बनते आणि साध्या एफ-५ ने ती पुसली जात नाही. परत जायला ऑल्ट आणि एफ-९, मग यादीतून निवडायचं. मी नावं मराठीच देतो, फक्त अक्षरं रोमन: ‘मुन कक्षेत’, ‘उतरण्याआधी’, ‘परत निघताना’. ‘टेस्ट’, ‘टेस्ट २’, ‘फायनल’ अशी नावं देऊ नका. महिन्याने यादी उघडल्यावर त्यातून तुम्हालाच काही बोध होणार नाही.

आता ती एसएफएस फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. नुसती बघायला काहीच हरकत नाही, साधा मजकूर आहे. ‘फ्लाइटस्टेट’च्या खाली ‘यूटी’ म्हणून एक आकडा दिसेल. खेळ सुरू झाल्यापासून तुमच्या विश्वात किती सेकंद झाले, तो हा आकडा. त्याखाली एकेक यान ‘व्हेसल’ म्हणून येतं. त्याची अवस्था लिहिलेली असते: लाँचपॅडवर उभं, उतरलेलं, उडतंय, कक्षेत आहे, वगैरे. आणि त्यात ‘ऑर्बिट’ नावाचा छोटा कप्पा असतो. ‘एसएमए’ म्हणजे कक्षेचा अर्धा मोठा अक्ष, मीटरमध्ये आणि ग्रहाच्या केंद्रापासून मोजलेला. कर्बिनची त्रिज्या ६०० किलोमीटर, म्हणून ८० किलोमीटरच्या गोल कक्षेसाठी तिथे ६,८०,००० च्या आसपासचा आकडा असतो. ‘ईसीसी’ म्हणजे कक्षा किती लांबट आहे ते, ‘आयएनसी’ म्हणजे तिचा कल, आणि ‘आरईएफ’ म्हणजे कोणाभोवती: ० असेल तर सूर्य, १ कर्बिन, २ मुन, ३ मिनमस (कर्बिनचा दुसरा, छोटा चंद्र).

मला हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा फार आवडलं. दूरवरच्या यानाला गेम क्षणोक्षणी ढकलत बसत नाही. कक्षेचे हे मोजके आकडे आणि घड्याळ एवढ्यावरून ते यान कुठल्याही वेळी कुठे असेल ते काढता येतं. केप्लरने सांगितलेलं गणित, तेच इथे फाइलमध्ये बसवलंय. म्हणूनच तुम्ही एक लाख पट वेगाने वेळ पळवली तरी कक्षेतली सगळी यानं बिनबोभाट आपापल्या वाटेवर राहतात. तुमच्या हातातलं यान आणि त्याच्या दोनेक किलोमीटरच्या आतलं जे काही असेल, तेवढ्यांचाच भाग भाग वेगळा मोजला जातो.

यातून एक गोष्ट निघते, ती नीट लक्षात घ्या. फाइल एका यानाची नसते, ती अख्ख्या विश्वाची असते. समजा तुम्ही ड्यूना या दुसऱ्या ग्रहाकडे यान पाठवलं आणि निघताना एफ-५ दाबलं. तो प्रवास कर्बिनच्या दिवसात मोजला तर सुमारे ३०० दिवसांचा, आणि कर्बिनचा दिवस सहा तासांचा. या मधल्या काळात तुम्ही दोन उपग्रह सोडले, एक कंत्राट पूर्ण केलं, त्याचे पैसे घेतले. मग ड्यूनाच्या यानावर येऊन वाट दुरुस्त करायला गेलात, चुकलं, आणि सवयीने एफ-९ धरलं. गेले उपग्रह, गेलं कंत्राट, गेले पैसे. तो क्षण परत येतो तो सगळ्यांसाठीच येतो. म्हणून एकाहून जास्त मोहिमा चालू असतील तर यान बदललं की आधी एफ-५, मग बाकीचं काम.

यानांचे आराखडे मात्र यातून सुटलेले आहेत. ते त्याच फोल्डरच्या आत ‘शिप्स’मध्ये ‘क्राफ्ट’ फाइल म्हणून वेगळे राहतात. कितीही मागे गेलात तरी काल रात्री सुधारलेला आराखडा तसाच राहतो. सेव्ह न करता लाँच केलं असेल तर ‘ऑटो-सेव्ह्ड शिप’ या नावाने तो सापडतो.

तिसरी सोय म्हणजे रिव्हर्ट. एस्केप दाबलं की उड्डाण मागे घ्यायचा पर्याय येतो: एकतर पुन्हा लाँचपॅडवर, नाहीतर थेट जोडणीच्या शेडमध्ये. यासाठी आधी काहीही सेव्ह करावं लागत नाही. नवीन रॉकेट तपासताना मी फक्त हेच वापरतो. पहिला टप्पा सुटताना बाजूचं बूस्टर आदळलं, मागे घेतलं, जोड सरकवला, पुन्हा सोडलं. पण एकदा स्पेस सेंटरला परत गेलात की त्या उड्डाणाचं रिव्हर्ट संपलं. अपघातानंतर जी निकालाची चौकट येते, तिच्यात वैतागून ‘स्पेस सेंटर’ दाबायची घाई करू नका. आणि दाबलंच असेल, तर आधीचं एखादं एफ-५ असल्यास ते तरी शाबूत आहे. स्पेस सेंटरमध्ये एस्केप, मग लोड गेम, आणि यादीत क्विकसेव्ह शोधा.

आता एक पूर्ण फेरी घेऊ, मुनवर उतरून परत. लाँचपॅडवर एफ-५ ची गरज नाही, रिव्हर्ट आहेच. वर चढतानाही दाबू नका. इंजिन जळतंय, हवा आहे, रॉकेट हलतंय, अशा स्थितीतून पुन्हा सुरुवात करण्यात काय हशील? हवा ७० किलोमीटरला संपते. ८० ला गोल कक्षा झाली, इंजिन बंद, वेळ एक पट, यान स्थिर. मग पहिलं नावाचं सेव्ह.

पण थांबा, दाबायच्या आधी हिशेब करा. इथून मुनकडे निघायला वेगात सुमारे ८६० मीटर प्रति सेकंदाचा बदल करावा लागतो, मुनच्या खालच्या कक्षेत शिरायला ३१०, उतरायला ५८०, परत वर यायला ५८०, कर्बिनकडे निघायला ३१०. बेरीज २,६४०. कर्बिनला परतल्यावर वेग हवाच कमी करते, तिथे इंधन लागत नाही. यानात किती डेल्टा-व्ही उरलंय, म्हणजे उरलेल्या इंधनात वेग एकूण किती बदलता येईल, ते आता गेमच टप्प्यांच्या रांगेशेजारी दाखवतो. उतरताना हात थोडा सैल सुटतोच, म्हणून ३,००० च्या खाली आकडा असेल तर मी पुढे जात नाही, शेडमध्ये परत जातो. पॅराशूट लावलंय का, सोलर पॅनल उघडले का, शिडी आहे का, हेही तेव्हाच बघा. पॅराशूटशिवाय सेव्ह केलेलं यान शंभर वेळा लोड केलं तरी त्याला पॅराशूट फुटणार नाही. भाच्याचे निम्मे फोन इथेच मिटतील.

मुनकडचा प्रवास सहासात तासांचा, वेळ पळवली की मिनिटात होतो. त्यात सेव्ह करण्यासारखं काही नाही. मुनच्या १५ किलोमीटर कक्षेत स्थिर झालात की दुसरं नावाचं सेव्ह: ‘उतरण्याआधी’. तिथे वेग सेकंदाला सुमारे ५५० मीटर असतो. याच सेव्हवर तुम्ही सगळ्यात जास्त वेळा परत येणार आहात. म्हणून वेग मारायचं काम सुरू करायच्या बरंच आधी ते करा. उतरायची जागा समोर दिसायला लागल्यावर केलेलं सेव्ह उशिराचं असतं. उजेडाची बाजूही बघून ठेवा. अंधारात सेव्ह केलंत तर परत परत अंधारातच उतराल.

उतरताना मध्ये एक साधं एफ-५ चालतं, पण अट आहे. आडवा वेग जवळजवळ संपलेला हवा आणि खाली किमान पाच किलोमीटर मोकळे हवेत. मुनचं गुरुत्व फक्त १.६३ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. पाच किलोमीटरवर यान नुसतं सोडून दिलं तरी जमिनीवर पोचायला सव्वा मिनिट लागतं. सव्वा मिनिटात माणूस विचार करू शकतो, यान वळवू शकतो, इंजिन पुन्हा पेटवू शकतो. पाचशे मीटरवर यातलं काहीच होत नाही. एक मात्र बघा, वरचा उंचीचा काटा जमिनीपासूनची उंची दाखवेलच असं नाही. मुनवर डोंगर आहेत. काट्यावर नुसता क्लिक केलात की तो जमिनीपासून मोजायला लागतो.

उतरलात, पाय टेकले, तरी लगेच एफ-५ नको. यान डोलायचं थांबू द्या. लोड करताना गेम यानाला आधी धरून ठेवतो आणि मग त्याच्यावर हळूहळू वजन सोडतो. उतारावर तिरकं उभं राहिलेलं यान त्या वेळी कधी कधी उडी मारतं किंवा आडवं होतं. अशा विचित्र झटक्यांना खेळणारे क्राकेन म्हणतात, समुद्रातल्या त्या राक्षसाच्या नावावरून. सपाट जागेवर, पाय पसरट असतील तर हे क्वचितच होतं. म्हणून जमिनीवरचं सेव्ह आणि कक्षेतलं ‘उतरण्याआधी’ दोन्ही ठेवा. पहिलं बिघडलं तर दुसरं आहे. मोठ्या तळासाठी तर हे सोडूच नका.

आता भाच्याचा नेहमीचा वाद: एफ-९ म्हणजे फसवणूक का? कठीण पातळीवर खेळ सुरू केलात तर रिव्हर्ट आणि क्विकलोड दोन्ही बंद असतात. ज्यांना ती मजा हवी त्यांनी तसं खेळावं. मी दुसऱ्या पाळीवरून रात्री बाराला घरी येतो. माझ्याकडे तासभर असतो, आणि तो ड्यूनाच्या तीनशे दिवसांचा प्रवास पुन्हा करण्यात घालवायची माझी इच्छा नाही. मात्र एक नियम मी पाळतो. यान फुटलं तर एफ-९. यान शाबूत आहे, माणूस जिवंत आहे, फक्त इंधन संपलंय, तर एफ-९ नाही.

कारण मूळ गेममध्ये कर्बलला, म्हणजे यानातल्या माणसाला, ना अन्न लागतं, ना पाणी, ना ऑक्सिजन. जेबेडाया नावाचा कर्बल मुनवर रिकाम्या टाकीसह अडकला तर तो वर्षभरही तिथे बसून राहील, त्याचं काही बिघडत नाही. आणि अडकलेल्या माणसाला आणायला जाणं हा या गेममधला सगळ्यात चांगला धडा आहे. दुसरं यान बनवायचं, त्यात एक जागा रिकामी ठेवायची, पहिल्याच्या जवळ उतरायचं. एका जागी नेम धरून उतरायला माणूस त्यातूनच शिकतो. यान कक्षेत अडकलं असेल तर दोन यानांची गाठ घालायला शिकतो. मिनमसवर अडकला असेल तर आणखी सोपं. तिथलं गुरुत्व इतकं कमी आहे, की कर्बल पाठीवरच्या जेटपॅकनेच कक्षेत येतो, तुम्ही वर जाऊन त्याला उचलायचं. एफ-९ दाबलं असतं तर ही मोहीमच झाली नसती. भाचा आधी कुरकुरला, आता मुद्दाम माणसं सोडून येतो की काय अशी मला शंका आहे.

नोटपॅडमध्ये आकडे बदलून टाकी भरता येते का? येते. ‘रिसोर्स’च्या खाली ‘लिक्विडफ्युएल’, त्याखाली ‘अमाउंट’. क्राकेनने गिळलेलं यान दुरुस्त करायला हे मला मान्य आहे, स्वतःचा हिशेब चुकला म्हणून नाही. करायचंच असेल तर गेम बंद करा, फाइलची प्रत आधी बाजूला ठेवा आणि महिरपी कंसांना हात लावू नका. एक कंस कमी झाला तरी पुढचं सगळं वाचताना गेमचा घोटाळा होतो.

शेवटी प्रतींचं बोलू. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते, इतर वारी न सांगता जाते. फाइल लिहिली जात असतानाच संगणक बंद पडला तर ती अर्धवट राहू शकते. त्यासाठी खेळाच्या फोल्डरमध्येच ‘बॅकअप’ म्हणून एक फोल्डर असतो. पर्सिस्टंट फाइलच्या मागच्या काही प्रती गेम त्यात तारीखवार ठेवतो. चालू फाइल उघडत नसेल तर ती दुसऱ्या नावाने बाजूला करा, बॅकअपमधली सगळ्यात अलीकडची प्रत बाहेर आणा आणि तिचं नाव बदलून ‘पर्सिस्टंट.एसएफएस’ करा.

मॉड, म्हणजे इतरांनी बनवलेली गेमची जोड, टाकत असाल तर आणखी काळजी घ्या. मॉडमधला भाग वापरून यान केलं आणि नंतर तो मॉड काढला, तर गेमला तो भाग सापडत नाही आणि ते यान खेळातून जातं. एका छोट्या अँटेनासाठी अख्खं स्थानक गेलेलं मी पाहिलंय. म्हणून मॉड काढताना, बदलताना किंवा गेमची आवृत्ती वाढवताना खेळाचा पूर्ण फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवा, नुसती एक फाइल नको, कारण आराखडेही आतच आहेत. नवीन संगणकावर जायचं असेल तरी हाच मार्ग: तो फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, तिकडच्या ‘सेव्हज’मध्ये टाका, मॉड तेच आणि त्याच आवृत्तीचे बसवा, मग गेम सुरू करा. यादीत खेळाचं नाव दिसलं की आधी ट्रॅकिंग स्टेशनमध्ये जाऊन यानं मोजा. सगळी असतील तर जुन्या संगणकावरचा फोल्डर पुसायला हरकत नाही.